ट्रान्सफॉर्मेशनच्या प्लेटवर कॉलनीच नाही: खान्देशातल्या लॅबसाठी तपासणीचा क्रम

ई. कोलाय या जीवाणूत प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) घालायचं, म्हणजेच ट्रान्सफॉर्मेशन करायचं, म्हणजे कॅल्शियम क्लोराइड, बर्फ, ४२ अंशांचा चटका आणि अँटिबायोटिकची प्लेट. कागदावर अर्ध्या पानाचं काम. तरी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांमध्ये एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचे महिने याच पायरीवर अडतात, आणि मार्च उजाडला की जास्तच. प्लेट रिकामी निघाली की पहिला संशय डीएनएवर जातो, मग लायगेजवर (डीएनएचे तुकडे जोडणारं एन्झाइम), मग नवा किट मागवला जातो. दोष बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी असतो: सेल्स (जीवाणूच्या पेशी) थंड राहिल्या नाहीत, नाहीतर प्लेट चुकीची होती.

आधी लक्षण ओळखा

- एकाही प्लेटवर काही नाही, कंट्रोल प्लाझ्मिडच्या (तुलनेसाठी घेतलेलं, चालणारं प्लाझ्मिड) प्लेटवरही नाही: सेल्स मेलेल्या, कॉम्पिटन्स (डीएनए आत घेण्याची क्षमता) गेलेली, किंवा प्लेटमधलं अँटिबायोटिक चुकलेलं.
- कंट्रोलच्या कॉलनी भरपूर, स्वतःच्या लायगेशनची (लायगेजने जोडलेल्या डीएनएची) प्लेट कोरी: सेल्सना दोष देऊ नका, डीएनएकडे जा.
- डीएनए न घातलेल्या प्लेटवरही सलग साय धरल्यासारखी वाढ: अँटिबायोटिक निकामी आहे, घालायचं राहिलंय, किंवा स्ट्रेनच (जीवाणूचा वाण) त्याला रेझिस्टंट आहे.
- मोठ्या कॉलनीभोवती बारीक ठिपक्यांचं कडं: सॅटेलाइट कॉलनी.
- पिवळी, केशरी, सुरकुतलेली किंवा कापसासारखी वाढ: बाहेरचा संसर्ग.
- गेल्या बॅचला शेकडो कॉलनी, या बॅचला चार-पाच: बहुधा साठवण किंवा वीज.

यातलं कुठलं लक्षण आपलं, हे सांगता येत नसेल तर कंट्रोल लावलेले नाहीत. मग पुढचं काही वाचण्याआधी तेच लावा.

शून्य खर्चाची तपासणी: चार कंट्रोल

एकाच बॅचच्या सेल्स घ्या आणि चार प्लेट लावा.

पहिली: सगळी प्रक्रिया झालेल्या सेल्स, साध्या एलबी (जीवाणू वाढवायचं माध्यम) अगारवर, अँटिबायोटिक नाही. इथे गच्च वाढ हवी. नसेल तर सेल्स मेल्यात, बाकी चर्चा थांबवा.

दुसरी: डीएनए न घातलेल्या सेल्स, अँटिबायोटिक प्लेटवर. कोरी हवी.

तिसरी: १०० पिकोग्रॅम पीयूसी१९ (कंट्रोल प्लाझ्मिड), अँपिसिलिन प्लेटवर. कार्यक्षमता हीच प्लेट सांगते. समजा एकूण १ मिलीपैकी १०० मायक्रोलिटर पसरवलं आणि ६० कॉलनी आल्या. प्लेटवर गेला १० पिकोग्रॅम डीएनए, म्हणजे दर मायक्रोग्रॅमला ६० लाख कॉलनी. घरी केलेल्या कॅल्शियम क्लोराइड सेल्ससाठी १० लाख ते १ कोटी हा समाधानकारक आकडा. साधं प्लाझ्मिड पुन्हा वाढवायला १० लाखही पुरतात, लायगेशनसाठी मात्र १ कोटीच्या आसपास हवेत.

चौथी: आधीपासून रेझिस्टंट असलेला माहितीचा स्ट्रेन त्याच अँटिबायोटिक प्लेटवर ओढा. तोही उगवला नाही तर अँटिबायोटिक प्रमाणाबाहेर पडलंय किंवा भलतंच पडलंय. ही प्लेट सहसा कुणी लावत नाही, आणि आठवड्याचे आठवडे वाचवणारी हीच.

प्लेट आणि अँटिबायोटिक

प्लाझ्मिडचा नकाशा उघडून रेझिस्टन्स वाचा. पीयूसी१९ ला अँपिसिलिन चालतं, पीईटी-२८ ला कॅनामायसिन लागतं. दोन्ही बाटल्या फ्रीजरच्या एकाच खणात असतात आणि झाकणावरची शाई पुसलेली असते. स्ट्रेनचंही बघा: एक्सएल१-ब्लू मुळातच टेट्रासायक्लिनला रेझिस्टंट आहे, त्यामुळे टेट्रासायक्लिन प्लेटवर तो डीएनएविना उगवणारच.

मात्रा: अँपिसिलिन १००, कॅनामायसिन ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली. अँपिसिलिनचा स्टॉक १०० मिलिग्रॅम प्रति मिली असेल तर २५० मिली अगारला २५० मायक्रोलिटर. पिपेट बदलताना इथे दहापट चूक सहज होते, म्हणून आकडा फ्लास्कवरच लिहा. स्टॉक ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचा, ऑटोक्लेव्ह करायचा नाही.

अँपिसिलिनची पावडर सोडियम सॉल्टचीच घ्या. ट्रायहायड्रेट पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसतं, आणि तुम्ही वरचं पातळ पाणी प्लेटमध्ये घालत राहता. पार्सल वेळेवर आलं नाही की मेडिकलमधून इंजेक्शनची बाटली आणायचा मोह होतो. लेबल नीट वाचा. अँपिसिलिनसोबत सलबॅक्टम असेल तर खेळ संपला: तुमच्या प्लाझ्मिडवरचा जीन जे बीटा-लॅक्टमेज (अँपिसिलिन मोडणारं एन्झाइम) बनवतो, त्यालाच सलबॅक्टम बंद पाडतं, आणि अचूक ट्रान्सफॉर्म झालेली सेलही मरते. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेटचं तेच. कॅप्सूल फोडून वापरू नका, त्यात भराव असतो आणि नेमकं वजन कळत नाही.

अँटिबायोटिक घालायची वेळ अगार ५० ते ५५ अंशांवर आल्यावर. मे महिन्यात लॅबच ४० अंशांवर असते, फ्लास्क निवता निवत नाही, आणि कंटाळून गरम अगारातच अँपिसिलिन ओतलं जातं. उष्णतेने ते मोडतं. ५० अंशांचा वॉटर बाथ लावून फ्लास्क त्यात ठेवा, अर्ध्या तासाने घाला, फेस न येऊ देता गोल फिरवा. अँपिसिलिनच्या प्लेट ४ अंशांवर, पिशवीत उलट्या ठेवून, दोन ते चार आठवड्यांत संपवा. उन्हाळ्यात उघड्या ठेवलेल्या प्लेटला दोन दिवसांत कडेने भेगा पडतात. पावसाळ्यात उलट होतं, झाकणाला पाणी सुटतं आणि कॉलनी एकमेकींत वाहून जातात. तेव्हा पसरवण्याआधी ३७ अंशांवर झाकण किंचित तिरकं ठेवून अर्धा तास सुकवा.

सॅटेलाइटचा उपाय साधा आहे: १६ ते १८ तासांत प्लेट बाहेर काढा. खऱ्या कॉलनीतून बाहेर पडलेलं बीटा-लॅक्टमेज आजूबाजूचं अँपिसिलिन खाऊन टाकतं, म्हणून उशीर झाला की बिनप्लाझ्मिडच्या सेल्स तिथे उगवतात. शनिवारी लावून सोमवारी उघडलेल्या प्लेटवरून निष्कर्ष काढू नका. कार्बेनिसिलिन जास्त टिकाऊ, पण महाग.

संसर्गाबद्दल एकच. डेझर्ट कूलर चालू असलेल्या खोलीत प्लेट ओतू नका. कूलरची ओली वाळ्याची ताटी बुरशीचे बीजाणू खोलीभर फेकते आणि बर्नरची ज्योत हलवते. ओतताना आणि पसरवताना तो बंद. घाम येईल, येऊ द्या.

बर्फ आणि ४२ अंश

इथे थोडं थांबा, कारण खान्देशातल्या बहुतेक रिकाम्या प्लेट या टप्प्यावर तयार होतात.

कॅल्शियममुळे सेलचा पृष्ठभाग आणि डीएनए यांच्यातलं ऋण भारांचं ढकलणं कमी होतं, आणि थंडीतून एकदम ४२ अंशांवर नेल्याने डीएनए आत जायला वाट मिळते. उडी ० ते ४२ ची हवी. सेल्स आधीच १५-२० अंशांवर आल्या असतील तर उडीच उरत नाही, आणि कॅल्शियम क्लोराइडमधल्या सेल्सना ऊब मुळीच सोसत नाही.

बर्फ फॅक्टरीतून लादी येते, ती फोडून डब्यात टाकली जाते. मुठीएवढ्या खड्यांमध्ये ट्यूब अधांतरी उभी राहते, तिच्याभोवती बर्फ नसून ३० अंशांची हवा असते. बर्फ भुगा होईपर्यंत फोडा, त्यात थंड पाणी घालून लगदा करा, ट्यूब सेल्सच्या पातळीच्या वरपर्यंत त्यात बुडवा. मीठ घालू नका. कुल्फीच्या मटक्यासारखा लगदा शून्याच्या खाली गेला तर सेल्स हळूहळू गोठतात आणि स्फटिकांनी फाटतात. लादीचं पाणी निर्जंतुक नसतं, म्हणून ट्यूब उघडण्याआधी तोंड ७० टक्के अल्कोहोलने पुसा. ट्यूब, टिप, डीएनए, सगळं आधीपासून बर्फात.

गोठलेल्या सेल्स बर्फातच वितळू द्या, पाच ते दहा मिनिटं. तळहातावर वितळवलेली ट्यूब वाया गेली असं समजा. डीएनए घातल्यावर पिपेटने वर-खाली करू नका, व्होर्टेक्स तर नाहीच, बोटाने दोन-तीन टिचक्या पुरे. मग २० ते ३० मिनिटं बर्फात.

वॉटर बाथच्या पडद्यावर ४२ दिसतं, म्हणून पाणी ४२ असतं असं नाही. पाऱ्याचा किंवा तपासलेला डिजिटल थर्मामीटर ट्यूब जिथे बुडणार तिथेच धरा. दोन अंशांचा फरक नेहमीचा, आणि ४४ च्या वर सेल्स मरायला लागतात. ड्राय बाथ असेल तर खोबणीत थोडं पाणी घाला, नाहीतर ट्यूब आणि धातूमध्ये हवेचा थर राहतो. वेळ ट्यूबवर ठरते: १.५ मिलीच्या ट्यूबला ४५ सेकंद, जाड भिंतीच्या १४ मिलीच्या ट्यूबला ९० सेकंद, पातळ पीसीआर ट्यूबला ३० पुरतात. जुन्या प्रोटोकॉलमधले ९० सेकंद छोट्या ट्यूबला लावले की सेल्स शिजतात. चटक्यानंतर लगेच दोन मिनिटं बर्फ.

मग एसओसी (एलबीपेक्षा सकस माध्यम) किंवा साधं एलबी घालून ३७ अंशांवर एक तास, हलवत. अँपिसिलिनसाठी हा तास घाईत कमी केला तर थोडं नुकसान होतं. कॅनामायसिनला तो टाळताच येत नाही, कारण कॅनामायसिन प्रोटीन बनवणंच थांबवतं. रेझिस्टन्सचं एन्झाइम तयार होण्याआधी सेल प्लेटवर गेली तर ते नंतर बनवणार कसं?

डीएनए

कंट्रोल चालला आणि आपलीच प्लेट कोरी, तेव्हाच इथे या.

डीएनएचं आकारमान सेल्सच्या ५ टक्क्यांच्या आसपास ठेवा, १०० मायक्रोलिटरला ५ पुष्कळ झालं. जास्त घातलं तर जास्त कॉलनी येतात हा गैरसमज आहे, लायगेशनचं मीठ आणि पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) सेल्सना त्रास देतात. मिनिप्रेपमध्ये (सेल्समधून काढलेल्या प्लाझ्मिडमध्ये) इथेनॉल राहिलं असेल तर डीएनए जेलच्या खोबणीत बसत नाही, वर तरंगतो. तीच खूण. लायगेज बफरमधलं एटीपी वारंवार गोठवण्या-वितळवण्याने मोडतं, म्हणून बफर आल्या आल्या १० मायक्रोलिटरच्या वाट्यांत विभागा. कापलेला व्हेक्टर (ज्यात जीन जोडायचा ते प्लाझ्मिड) लायगेजशिवाय आणि लायगेजसह असे दोन वेगळे ट्रान्सफॉर्म करा. लायगेजशिवायच्या प्लेटवरही तेवढ्याच कॉलनी असतील तर व्हेक्टर पूर्ण कापलाच गेलेला नाही. कॉलनी फारच बारीक आणि मोजक्या असतील, तर इन्सर्ट (व्हेक्टरमध्ये जोडलेला तुकडा) सेलला सोसत नसेल. ३० अंशांवर वाढवून बघा.

सेल्स नव्याने करणं: मेहनतीची पायरी

कंट्रोल प्लाझ्मिडचा आकडा १० लाखांच्या खाली आणि वरचं सगळं ठीक, तर बॅच फेकून नवी करा. या चार ठिकाणी ती बिघडते.

पाणी. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. डिस्टिलेशन युनिटच्या कॉइलवर पांढरा थर चढला की पाण्याचा दर्जा घसरतो. डबल डिस्टिल्ड किंवा त्याहून शुद्ध पाणी वापरा. पिण्याच्या बाटलीबंद पाण्यात क्षार असतातच, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या पाण्याची शुद्धता या कामाच्या तोलाची नसते.

काच. साबणाचा अंश कॉम्पिटन्सचा शत्रू. डोळ्याला दिसत नाही, फेसही येत नाही, तरी कार्यक्षमता पार खाली आणतो. सेल्ससाठीचे फ्लास्क आणि सेंट्रिफ्यूजच्या बाटल्या वेगळ्या ठेवा, त्यांना डिटर्जंट लावू नका. शेवटी डिस्टिल्ड पाणी भरून ऑटोक्लेव्ह करा, ते पाणी ओतून द्या आणि मग वापरा.

कॅल्शियम क्लोराइड. ०.१ मोलरसाठी लिटरला डायहायड्रेट १४.७ ग्रॅम, निर्जल ११.१ ग्रॅम, हेक्झाहायड्रेट २१.९ ग्रॅम. बाटलीवर कुठलं आहे ते वाचल्याशिवाय वजन करू नका. हे मीठ हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात किंवा कूलरच्या खोलीत उघडी राहिलेली बाटली गोळा होते आणि तिच्यातल्या प्रत्येक ग्रॅममध्ये पाणी जास्त, मीठ कमी असतं. डेसिकेटरमध्ये ठेवायचे फ्यूज्ड खडे यासाठी वापरू नका. गोठवून ठेवायच्या सेल्ससाठी शेवटच्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये १५ टक्के ग्लिसरॉल.

वाढ. रात्रभराच्या कल्चरमधलं १ मिली १०० मिली एलबीत घाला. एलबी म्हणजे लिटरला ट्रिप्टोन १०, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५, मीठ १० ग्रॅम. फ्लास्क ५०० मिलीचा, म्हणजे हवा मिळते. ३७ अंश, १८० ते २०० आरपीएम. तासाभरानंतर दर २० मिनिटांनी ओडी (कल्चरचा गढूळपणा) बघा आणि ६०० नॅनोमीटरला ०.३ ते ०.४ वर थांबवा. कलरिमीटर असेल तर ब्लँक एलबीचा ठेवा, पाण्याचा नाही. ०.६ च्या पुढे गेलेल्या सेल्स जास्त भरतात, पण डीएनए घेत नाहीत.

शेकरमध्ये नुसता हीटर असेल, कूलिंग नसेल, तर तो खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही, आणि मोटारची ऊब वेगळी. भुसावळात पारा ४४ वर असताना ३७ वर लावलेला शेकर आतून चाळिशी ओलांडतो. आत थर्मामीटर ठेवून बघा. उन्हाळ्यात वाढ पहाटे सुरू करा किंवा एसीच्या खोलीत न्या. १८ अंशांवर सेल्स वाढवायची इनोऊ पद्धत उत्तम कॉलनी देते, पण कूलिंगचा शेकर नसताना तिच्या नादी लागू नका.

सेल्स काढताना सेंट्रिफ्यूज ४ अंशांवर, १,८०० ते २,५०० जी (गुरुत्वाच्या तेवढ्या पट), १० मिनिटं. आरपीएम नकलू नका, रोटरनुसार तो बदलतो: जी = ०.००००१११८ × त्रिज्या सेंटिमीटरमध्ये × आरपीएमचा वर्ग. १० सेंमी त्रिज्येला ४,००० आरपीएम म्हणजे साधारण १,८०० जी. कूलिंग नसेल तर रोटर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि वेळ पाच मिनिटांवर आणा. गोळी थंड कॅल्शियम क्लोराइडमध्ये हलक्या हाताने, बर्फातच फिरवून सोडवा.

कॅल्शियम क्लोराइडमध्ये ४ अंशांवर १२ ते २४ तास ठेवलेल्या सेल्स ताज्यापेक्षा चांगल्या चालतात, हे डॅगर्ट आणि एर्लिख यांनी १९७९ मध्ये दाखवलं. त्यानंतर उतार लागतो. ज्या कॉलेजात उणे ८० चा फ्रीजर नाही, त्यांच्यासाठी हाच मार्ग बरा: आज करा, उद्या वापरा. उणे २० वर साठवणं म्हणजे हळूहळू फेकणं. तिथे सेल्स लवकर मरतात.

वीज गेली तर

उणे ८० च्या फ्रीजरला दार न उघडता काही तास निभतात, पण सेल्सचं नुकसान वितळण्याच्या कितीतरी आधी होतं. रात्री वीज जाऊन आली हे सकाळी पडद्यावर दिसत नाही. किमान-कमाल तापमान नोंदणारा प्रोब आत ठेवा. उणे २० च्या फ्रीजरसाठी वाटीत पाणी गोठवून वर एक रुपयाचं नाणं ठेवा. नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं की पाणी मध्ये वितळलं होतं. मग तिथले अँटिबायोटिक स्टॉक आणि एन्झाइम तपासल्याशिवाय वापरू नका. एकदा वितळलेल्या सेल्स परत गोठवू नका.

इथे थांबा, माणूस बोलवा

ऑटोक्लेव्हचा दाब १५ पौंडांवर टिकत नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसतो, गॅस्केट फाटलंय: स्वतः खोलू नका, वापरही बंद. सेंट्रिफ्यूज समतोल ट्यूब लावूनही थरथरतो किंवा रोटरवर ओरखडा, भेग, गंज दिसतो: तो रोटर पुन्हा फिरवायचा नाही. डीप फ्रीझरचा कॉम्प्रेसर सतत चालतो तरी तापमान उतरत नाही: सेल्स दुसऱ्या लॅबच्या फ्रीजरमध्ये हलवा आणि कंपनीच्या इंजिनिअरला फोन करा. फोनवर मॉडेल नंबर, एरर कोड आणि स्टॅबिलायझरवरचा व्होल्टेज सांगितला तर तो बरोबर भाग घेऊन येतो. नाहीतर नाशिक-पुण्याहून त्याची एक फेरी फुकट जाते.

सलग दोन बॅचमध्ये कंट्रोल चालत नसेल, तर तिसरी करू नका. विकतच्या कॉम्पिटंट सेल्सची एक ट्यूब घ्या किंवा जळगावच्या विद्यापीठातल्या लाइफ सायन्सेस विभागासारख्या चालू लॅबकडून मागा, आणि तुमच्याच प्लेटवर, तुमच्याच पीयूसी१९ ने चालवा. ती चालली तर दोष तुमच्या सेल्समध्ये. तीही चालली नाही तर प्लेट किंवा चटका. पार्सल मुंबई-पुण्याहून येणार असेल तर ड्राय आइसमध्ये, आठवड्याच्या सुरुवातीला पाठवायला सांगा. आल्यावर ड्राय आइस शिल्लक आहे का ते बघूनच पावतीवर सही करा.

कॉलनी आल्या, प्लाझ्मिड एन्झाइमने कापल्यावर जेलवर येणारा पट्टाही बरोबर, तरी प्रोटीन येत नाही, तर जेलवर डोकेफोड न करता प्लाझ्मिड सिक्वेन्सिंगला पाठवा. आणि साध्या ई. कोलाय के-१२ (लॅबमधला निरुपद्रवी) स्ट्रेनच्या पलीकडे काही करायचं असेल, रोगकारक जीवाणूचा जीन किंवा विषाचा जीन, तर आधी संस्थेच्या बायोसेफ्टी समितीला विचारा. १९८९ च्या नियमांपासून ती परवानगी ऐच्छिक राहिलेली नाही. रिकाम्या निघालेल्या प्लेटही तशाच कचऱ्यात टाकायच्या नाहीत: १२१ अंशांवर निदान अर्धा तास ऑटोक्लेव्ह, मगच बाहेर.